जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांचा ‘सर्वांगीण विकास’ शिक्षकाने प्रत्यक्षात कसा साधायचा?

आपण बीड जिल्ह्यात शिक्षणसेवक म्हणून नुकतेच रुजू झाला आहात. तिसरी आणि चौथीचे मिळून ३८ विद्यार्थी आपल्यासमोर एकाच खोलीत बसतात, पालकांना गुण हवे असतात, केंद्रप्रमुखांना नोंदी हव्या असतात, आणि या सगळ्यात ‘बालकाचा सर्वांगीण विकास’ म्हणजे रोज नेमके काय करायचे, असे आपण विचारले आहे. मी बालाघाटच्या डोंगररांगेतल्या एका द्विशिक्षकी शाळेत १९ वर्षे शिकवत आहे. मला जे उमगले ते याच भागातले आहे, त्यामुळे उत्तरही इथलेच देते.

हा शब्द आपण परिपत्रकांमधून इतक्या वेळा ऐकतो की त्याचा अर्थ ‘अभ्यासाशिवाय आणखी काहीतरी’ असा होऊन बसला आहे. स्नेहसंमेलन घेतले, वृक्षारोपणाचा फोटो काढला, रांगोळी स्पर्धा भरवली, की विकास सर्वांगीण झाला असे आपण धरून चालतो. हे उपक्रम वाईट नाहीत. मी स्वतः ते हौसेने घेते. परंतु शिक्षण हक्क कायद्याचे, म्हणजे २००९ च्या अधिनियमाचे, कलम २९ वाचले तर तिथे बालकाच्या सर्वांगीण विकासाबरोबरच त्याचे ज्ञान, त्याच्या शारीरिक व मानसिक क्षमता, शक्यतो त्याची मातृभाषा आणि भीती व ताण यांपासून त्याची मुक्तता या साऱ्या गोष्टी एका ओळीने मांडलेल्या दिसतात. म्हणजे ही वेळापत्रकाच्या शेवटी जोडायची तासिका नसून गणित आणि भाषा शिकवतानाच पाळायची रीत आहे. माझ्या अनुभवात या रीतीची सुरुवात मूल नीट पाहण्यापासून होते, आणि ते पाहणे मला फार उशिरा जमले.

काही वर्षांपूर्वी चौथीत एक मुलगी होती. आईवडील ऊसतोडीला जाणारे. दसरा झाला की मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, गाडी येई, उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असल्यामुळे जाणे भागच असे, आणि मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की कुटुंब परत येई. त्या वर्षी ती जूनपासून नियमित शाळेत होती. संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या, मूल्यमापनाच्या वेळी मी तिच्या वर्णनात्मक नोंदीत लिहिले, ‘वर्गात लक्ष नसते.’ ते खरेच वाटत होते, कारण फळ्यावर उदाहरण चालू असताना ती दर दोन मिनिटांनी खिडकीबाहेर बघायची. मी दोनदा रागावलेही. तिसऱ्यांदा मात्र मी रागावण्याऐवजी तिच्या जागेवर जाऊन बसले आणि तिला दिसत होते ते पाहिले. खिडकीतून समोरचे लिंबाचे झाड दिसत होते, त्याच्या खालच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली होती आणि झोळीत तिचा दहा महिन्यांचा भाऊ झोपलेला होता. आई शेजारच्या गावी खुरपायला गेली की ती त्याला घेऊन शाळेत येत असे, आणि मी रागावेन म्हणून तिने ते कोणाला सांगितले नव्हते. मी विचारल्यावर ती एवढेच म्हणाली, “बाई, बारकं उठलं आन् मी दिसले न्हाई तर लई रडतंय.”

त्यानंतर मला तिच्याबद्दल बरेच काही दिसू लागले. डाव्या कडेवर मूल घेऊन घेऊन ती बसतानाही डावीकडे कंबर काढून बसत असे, आणि मी त्याला आजवर ‘नीट बस’ म्हणत आले होते. दुसऱ्या दिवसापासून झोळी व्हरांड्यात, वर्गाच्या दाराशी बांधायला सांगितली. ही व्यवस्था नियमात कुठे बसते हे मी शोधत बसले नाही. खिडकीकडे वळणारी तिची मान फळ्याकडे वळली आणि दिवाळीच्या आत तिला हातच्याची वजाबाकी येऊ लागली. शासकीय नोंदवहीत खाडाखोड करता येत नाही, म्हणून पुढच्या सत्राच्या रकान्यात मी लिहिले, ‘एकाच वेळी दोन ठिकाणी लक्ष ठेवू शकते, लहान भावाला सांभाळते, हिशेब तोंडी जलद करते.’

तोंडी हिशेबाचेही सांगण्यासारखे आहे. कागदावर १४० ही संख्या लिहायला ती अडखळत असे, पण फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतात, वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या मोजायचे काम तिच्याकडे असे आणि ती आजीसारखी विसाने मोजत असे. सात विसा म्हणजे १४०. वीस वस्तू झाल्या की त्यांचा एक नवा एकक मानायचा आणि पुढे ते एकक मोजत जायचे, हेच तर स्थानिक किमतीचे मूळ आहे. पुस्तकात विसाऐवजी दशक आहे एवढाच फरक. मी तिला फळ्यापाशी बोलावून विसाने मोजणे सगळ्या वर्गाला समजावून सांगायला लावले आणि त्यावरून दशक-शतकाकडे गेले. त्या महिन्यात स्थानिक किंमत जितक्या मुलांना समजली तितकी माझ्या आधीच्या कोणत्याही वर्गाला समजली नव्हती. मुलाच्या आयुष्यातला जो भाग आपण शाळेच्या फाटकाबाहेर ठेवतो त्यातच पुष्कळदा धड्याची किल्ली असते, हे मला त्या मुलीमुळे कळले, आणि आपल्या प्रश्नाला माझ्याजवळ असलेले मुख्य उत्तर हेच आहे.

आता नोंदींविषयी, कारण तुमची अडचण तिथूनच सुरू होते. महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आले. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प अशी साधने दिली, कारण लेखी परीक्षेला जे दिसत नाही ते शिक्षकाने पाहून लिहावे असा त्यामागे हेतू होता. प्रत्यक्षात मात्र तयार वाक्यांच्या याद्या मोबाईलवर फिरू लागल्या आणि ‘स्वच्छतेची आवड आहे’, ‘इतरांशी आदराने वागते’ अशी वाक्ये एका मुलाच्या नावासमोरून दुसऱ्याच्या नावासमोर उतरवली जाऊ लागली. मीही काही वर्षे तेच केले. कृपा करून आपण ते करू नका. मी आता एक साधी शंभर पानी वही ठेवते आणि रोज फक्त दोन मुलांविषयी, त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एकेक गोष्ट लिहिते. महिन्यात २० ते २२ दिवस शाळा भरते, त्यामुळे ३८ मुलांचा वर्ग महिन्यात एकदा पुरा होतो आणि शाळा सुटल्यावरची पाच मिनिटे त्याला पुरतात. एखाद्या मुलासमोर दोन महिने काहीच लिहिण्यासारखे सुचले नाही, तर ते मूल आपल्याला दिसतच नाही असे समजून मी पुढचा आठवडा त्याच्याजवळ बसते.

शरीराचा विचार आपण शारीरिक शिक्षणाच्या तासापुरता करतो; माझ्या मते तो पोटापासून करायला हवा. पहिली ते पाचवीच्या मुलाला शालेय पोषण आहारातून दररोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण ठरलेले आहे. आमच्या शाळेत आहार शिजवणाऱ्या मावशींनी मला एकदा सहज सांगितले, “सोमवारी पातेल्याचं बूड लवकर दिसतं, बाई.” रविवारी शाळेचा आहार नसतो, हे मला ठाऊक असूनही त्याचा अर्थ त्या बोलल्यावर लागला. मी तोवर आठवड्याची चाचणी सोमवारी सकाळी घेत असे. मुख्याध्यापकांशी बोलून सोमवारचा आहार अर्धा तास आधी ठेवला आणि चाचणी मंगळवारवर नेली. पूर्वी ज्या पाच-सहा मुलांना मी ‘कच्ची’ म्हणत होते त्यांपैकी दोघे-तिघे कच्चे नव्हतेच.

भाषेचेही असेच आहे. आमच्या शाळेत तांड्यावरची, म्हणजे लमाण वस्तीतली, मुले येतात. पहिलीतल्या लमाण मुलासमोर आपण ‘आई’ हा शब्द चित्रासह ठेवतो, परंतु त्याच्या घरी आईला याडी म्हणतात, आणि ते मूल गप्प राहते. त्या गप्प राहण्याला आपण मंदपणा समजतो. मी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिते. बाकी मुलांच्या ‘मपलं-तुपलं’ (माझं-तुझं) अशा बोलीलाही मी हसू देत नाही. ते मुलाला बोलू द्यावे आणि त्याच्या शेजारी प्रमाण मराठी ठेवत जावे. मुले दोन्ही सांभाळतात.

हाताच्या कामाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण परीक्षा जवळ आली की कार्यानुभवाचा तास सगळ्यात आधी कापला जातो. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीम मांडली तेव्हा हस्तोद्योगाच्या आधारे बाकीचे विषय शिकवावेत अशी कल्पना होती, आणि मराठवाड्यातल्या खेड्यात ती आजही सहज जमण्यासारखी आहे. आम्ही पोळ्याच्या आधी गावातल्या एका आजोबांना बोलावतो. ते अंबाडीच्या वाखाचे, म्हणजे धाग्यांचे, चऱ्हाट (जाड दोर) वळून दाखवतात. मुले वळण्याआधी तिन्ही पदर मोजतात आणि वळून झाल्यावर दोर मोजतात. दोर पदरांपेक्षा आखूड भरतो. पीळ घट्ट असेल तर आणखी आखूड भरतो. मग बैलासाठी दहा हात कासरा (दोर) हवा असेल तर पदर किती लांब घ्यायचे, हा प्रश्न मुले आपसांतच घालू लागतात. लांबी, वजाबाकी, अंदाज, तक्ता भरणे, चार वाक्यांत कृती लिहिणे, सगळे त्या एका दुपारी होते. वर्षभर एक अक्षर न बोलणारा एक मुलगा त्या दिवशी आजोबांच्या हातातून पीळ स्वतःकडे घेऊन म्हणाला, “आजा, उलटा चाललाय तुमचा,” आणि आजोबांनी दोर उलगडून पाहिला तर खरेच तसे होते. सगळ्या वर्गासमोर तो बरोबर ठरला. त्याचा मला पुढे वाचन शिकवताना फार उपयोग झाला, कारण चुकण्याची त्याची भीती त्या दुपारी थोडी कमी झाली होती.

पालकांच्या गुणांच्या आग्रहाकडे आपण तुच्छतेने पाहू नये, अशी माझी विनंती आहे. शेजारच्या लातूरमुळे आपल्या भागातल्या प्रत्येक घरात ‘लातूर पॅटर्न’, म्हणजे कसून तयारी करून परीक्षेत भरघोस गुण मिळवण्याची पद्धत, हा शब्द पोहोचला आहे. कोरडवाहू दोन एकरांच्या मालकाला किंवा कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, जाणाऱ्या बापाला लेकराच्या गुणपत्रिकेत फडातून सुटण्याची वाट दिसते, आणि ती वाट खोटी नाही. म्हणून चौथीतल्या मुलाला परिच्छेद वाचता येत नसताना त्याचे नृत्य, चित्र आणि स्वभाव यांचे कौतुक करून ‘विकास सर्वांगीण आहे’ असे सांगणे ही मी त्या मुलाची फसवणूक मानते. वाचन, लेखन आणि चार क्रिया आल्याच पाहिजेत. झोळी, सोमवारचा आहार, याडी, चऱ्हाट हे सगळे मी त्यासाठीच करते, आणि ते करताना मूल माणूस म्हणूनही मोठे होते. पालकसभेतही मी मुलाचे वाचन आधी ऐकवते आणि मगच बाकीचे बोलते. त्यामुळे पालक बाकीचेही ऐकून घेतात.

शेवटी आपल्या वर्गाविषयी एक व्यवहाराची गोष्ट. जूनमध्ये दिसणारा पट, म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या, दिवाळीनंतर तसाच राहील असे धरू नका. आपल्या तालुक्यात दसऱ्यापासून मुले निघायला लागतात. त्याआधी, म्हणजे सप्टेंबरमध्येच, कोणाचे आईवडील कोयत्याला जाणार आहेत हे घरोघर जाऊन विचारा. आजी-आजोबा गावात थांबणार असतील तर हंगामी वसतिगृहासाठी त्या मुलाचे नाव वेळेत द्या. जे मूल जाणारच आहे त्याच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्या, ते फडाजवळच्या शाळेत दाखवायचे असते हे आईला समजावून सांगा, आणि त्या कार्डाबरोबर आपल्या वहीतल्या त्याच्याविषयीच्या दोन ओळी एका चिठ्ठीवर लिहून द्या. त्या मुलीच्या कार्डाला मी अशी चिठ्ठी टाचली होती. ‘विसाने मोजते, तिथून सुरुवात करावी. सोबत लहान भाऊ असेल, त्याला वर्गाच्या दाराशी बसू द्यावे.’ एप्रिलमध्ये ती परत आली तेव्हा कार्डाच्या मागे तिकडच्या शिक्षकांची सही होती, सहीखाली तीन महिन्यांची हजेरी होती, आणि भाऊ तिचे बोट धरून चालत होता.