नवागतांसाठीच्या नियमांविषयी

प्रिय विद्यार्थ्यास,

अनेक आशीर्वाद. तू आता दुसऱ्या वर्षात गेलास आणि नव्याने येणाऱ्या मुलांवर वसतिगृहातले जुने नियम लादायचे की नाहीत, हे ठरवण्यासाठी तुम्ही बसणार आहात, असे तुझ्या पत्रावरून समजले. ही परंपरा फार जुनी आहे, हे तुझ्या मित्रांचे म्हणणे खरेच आहे. पूर्व रोमन सम्राट जस्टिनियनने इ. स. ५३३ मध्ये कायद्याच्या शिक्षणाची नवी घडी बसवली, तेव्हा नवख्या विद्यार्थ्यांच्या छळावर त्याला त्याच आदेशात बंदी घालावी लागली. पुढे जर्मन विद्यापीठांत नवागताला शिंगांची टोपी घालून ती शिंगे कापण्याचा विधी होत असे आणि वर मेजवानीचा खर्चही त्याच्याच माथी मारला जाई.

पण जुनेपणा हा समर्थनाचा आधार मानण्यापूर्वी एक जुनी नियमावली नीट वाचून पाहा. हार्वर्डमधील १७३४-३५ च्या सुमाराच्या चालीरीतींची यादी उपलब्ध आहे. पाऊस, गारा किंवा बर्फ पडत नसेल आणि दोन्ही हात भरलेले नसतील, तर पायी चालणाऱ्या नव्या विद्यार्थ्याने आवारात टोपी घालायची नाही, असे तीत म्हटले आहे. खेळासाठी लागणारे चेंडू आणि बॅटी त्यानेच पुरवायच्या. वरिष्ठ सांगतील ती बाहेरची कामे त्याने विनातक्रार करायची. अभ्यासाची वेळ आणि रात्री नऊनंतरचा काळ तेवढा यातून वगळलेला होता. मला ही सवलतच सर्वांत बोलकी वाटते, कारण अशा कामांनी मुलाचा अभ्यास बुडतो हे नियम करणाऱ्यांनाही पक्के ठाऊक होते, असेच तिच्यावरून दिसते. शिवाय धाकट्या वरिष्ठाने कामाला लावलेला नवा विद्यार्थी त्याच्याहून मोठा वरिष्ठ आपल्या कामासाठी काढून घेऊ शकत असे. शिस्त हे कारण पुढे केले जाई खरे, परंतु या सगळ्या व्यवस्थेत नवागताच्या शिक्षणाचा विचार कोणी केलेला आढळत नाही.

अमेरिकेत १८७३ साली कॉर्नेल विद्यापीठात, एका विद्यार्थी-मंडळात प्रवेश देण्याच्या विधीसाठी रात्री बाहेर नेलेला नवा विद्यार्थी दरीत पडून मेला. तिथल्या संसदेने पुढच्याच वर्षी नौदल अकादमीतील अशा छळाविरुद्ध कायदा केला. सोबतच्यांना त्याचा जीव घ्यायचा नव्हता, हे मी मानतो. म्हणूनच ‘आमचा हेतू वाईट नाही’ हे आश्वासन मला पुरेसे वाटत नाही.

‘आम्हीही सोसले आहे’ हा युक्तिवाद बैठकीत नक्की येईल. त्यावर रागावू नकोस. ज्याने वर्षभर मान खाली घातली, त्याला त्याची भरपाई हवीशी वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ज्याच्याकडून ती वसूल होणार, त्याने त्याचे काहीही बिघडवलेले नसते. प्रत्येक नियम मोठ्याने वाचायला लाव आणि तो मोडला तर नव्या मुलाचे काय नुकसान होईल, एवढेच विचार. रात्री शांतता राखण्याचा नियम टिकेल, पण तो मग तुम्हालाही लागू करा. वरिष्ठ दिसताच उभे राहण्याचा नियम टिकणार नाही.

आणि हे सर्वांसमोर बोल. तू एकट्याने गुपचूप अंग काढून घेतलेस, तर त्या मुलांची रात्र तशीच जाईल.

बैठकीत काय ठरते ते कळव.

तुझा शुभचिंतक