फ्लेअर मारण्याआधी

भावा, स्प्लिट एसीचं पहिलं फिटिंग एकट्याने करतोयस, तर गॅसपेक्षा फ्लेअरकडे, म्हणजे नटात बसणाऱ्या पाइपाच्या फाकवलेल्या तोंडाकडे, लक्ष दे. कटरने तांब्याचा पाइप कापलास की तोंड खाली धरून आतली कड रीमरने साफ कर. कीस आत गेला तर कॉम्प्रेसरचं वाटोळं. आणि फ्लेअर मारण्याआधी नट पाइपात घाल. हसू नकोस, मी आजही कधीकधी विसरतो! नट आधी हाताने फिरव, मग दोन पान्यांनी आवळ. थोडा गॅस सोडून हवा काढायची जुनी सवय आर-३२ गॅसला नको, तो पेट घेतो. व्हॅक्यूम पंपाने पाइपातला दाब ५०० मायक्रॉनच्या (व्हॅक्यूम मोजायचं एकक) खाली ने, पंप बंद करून दहा मिनिटं आकडा चढतो का बघ. इन्सुलेशन दोन्ही पाइपांना वेगवेगळं.