रिकामा डबा परत द्यायचा नसतो

लंडनजवळ राहणाऱ्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. मुलगा तिसरीत आहे. नाताळच्या आधी शाळेने बरणी करायला सांगितली : आज कशाबद्दल कृतज्ञ वाटलं, त्याची रोज एक चिठ्ठी. आई, बाबा, घर, आयपॅड असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी लेकाने विचारलं, "आपण आजीला थँक यू का म्हणत नाही?" हिला काही उत्तर सुचेना.

अहो, आजीला थँक यू म्हणून बघा. "मी काय परकी आहे का?" म्हणून रुसून बसेल. आमच्या नाशकात आभार मानतात ते कार्यक्रमाच्या शेवटी, निम्मे लोक चपला शोधत असताना. घरातली रीत वेगळी. शेजारून लोणच्याची वाटी आली, तर ती धुऊन नुसती परत जात नाही. काही नसेल तर चमचाभर साखर तरी घालायची.

माझं लहानपण शरणपूर रोडला गेलं. शरणपूर ही मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात वसवलेली वस्ती, त्यामुळे नाताळ आमच्या दारातच असायचा. दिवाळीला आमच्या चकल्या ज्या ताटातून शेजारी जायच्या, त्याच ताटातून नाताळला त्यांच्या करंज्या आणि केक यायचा. ते ताट मुळात कोणाचं, हे अजून ठरलेलं नाही.

तेव्हा चिठ्ठ्या राहू द्या, मुलाच्या हाती डबा द्या. पावसात तुमचं पार्सल घरात घेणारी शेजारीण असेल ना? तिच्याकडे पाठवा, आणि कशासाठी हे त्यालाच सांगू दे : "त्या दिवशी तुम्ही पार्सल भिजू दिलं नाहीत." 'सगळ्यासाठी धन्यवाद' यातून कोणालाच काही कळत नाही. डब्यावर जिन्नसांची चिठ्ठी मात्र चिकटवा. शेंगदाणे, तीळ, काजू-बदाम, गहू, दूध यांची ॲलर्जी असू शकते. लाडू कितीही प्रेमाने वळलेला असो.

26 डिसेंबरला तिथे बॉक्सिंग डे. नोकरचाकरांना, घरी माल पोचवणाऱ्यांना भेटीचा डबा द्यायची ती जुनी चाल. म्हणजे आपली दिवाळीची पोस्तच की! एवढं सांगितलं तरी मुलाला तो दिवस परका वाटणार नाही. (अमेरिकेतल्यांनो, तुमच्या सरकारी पोस्टमनला रोख रक्कम घेता येत नाही, 20 डॉलरपर्यंतची वस्तू चालते.)

शाळेची बरणी भरावीच लागणार असेल, तर प्रश्न बदला. 'तुला काय मिळालं' असं न विचारता 'हे आपल्यापर्यंत कोणी आणलं' असं विचारा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुकानात द्राक्षं घेताना पॅकेटवर भारताचं नाव शोधा. आमच्या जिल्ह्यातली असण्याची शक्यता बरीच. थंडीत इथे निफाडकडे पारा पार खाली येतो. मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, विहिरीचं पाणी सोडतात. हे ऐकलेलं पोर द्राक्षं खाताना नुसतं 'यम्मी' म्हणून थांबणार नाही.

एक मात्र सांगते. डिसेंबरात तिथे चारच्या सुमारासच सूर्य मावळतो, माहेर आठवतं. त्या दिवशी रडू आलं तर रडा. 'आपल्याकडे किती आहे बघ' असं स्वतःला दटावू नका, मुलांना तर नकोच.

आता आजीचं. तुमच्या सकाळी नऊला फोन केलात तर इथे अडीच वाजलेले असतात, ती आडवी झालेली असते. सुट्टीत दुपारी एकला करा. इथे साडेसहा, दिवा लावून ती निवांत बसलेली असते. थँक यू नको. लेकाला एवढंच म्हणायला सांगा, "आजी, मेतकूट संपलं. शेवटी मी बरणी बोटाने पुसून खाल्ली."

दुसऱ्या दिवशी ती हरभऱ्याची डाळ भाजायला घेईल. इकडून कोणी येणार असेल, तर त्यांच्या बॅगेत आत्ताच जागा सांगून ठेवा.