पोथी शब्द कुठून आला?

पोथी हा अस्सल देशी शब्द आहे का आणि धार्मिक पुस्तकालाच पोथी का म्हणतात, असं विचारलंय. देशी नाही, तो संस्कृत पुस्तिकेवरून आलाय, प्राकृतात पोत्थिआ आणि मग आपली पोथी. स्त चा थ होणं आपल्याकडे नेहमीचं, मस्तकाचा माथा झाला तसं, आणि अगदी जुळी जोडी हवी असेल तर मुस्ता ही वनस्पती बघा, तिचा मोथा झाला, म्हणजे दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा, त्यात उ चा ओ पण तसाच झालाय. खुद्द पुस्तक शब्द इराणी भाषांमधून संस्कृतात आला असं बरेच अभ्यासक मानतात, फारसीत पोस्त म्हणजे कातडं, लिहायला कमावलेलं चामडं वापरायचे त्यावरून, आणि मला ते पटतं.

आता धार्मिकचं. मुळात पोथी हा विषय नाही, आकार आहे. आडवी लांबट सुटी पानं, शिवण नाही, खालीवर लाकडी फळ्या आणि वरून कापडी बासन. वैद्यकाची पोथी असायची, ज्योतिषाची असायची. म्हणून तर आपण पोथी "सोडतो" आणि वाचून झाली की "बांधतो", पुस्तक कोणी सोडत नाही. छापखाने आल्यावर बाकीचे विषय शिवलेल्या पुस्तकात गेले, पण पारायणाचे ग्रंथ बराच काळ सुट्या पानांतच छापत राहिले कारण वाचणाऱ्याला तीच सवय होती, त्यामुळे शब्द त्यांनाच चिकटला असं माझं मत. आज पंचवटीत काळारामाच्या आसपास कुठल्याही दुकानात गुरुचरित्र मागा, जाड बाइंडिंगचं पुस्तक हातात येतं तरी सगळे त्याला पोथीच म्हणतात. श्रावणात घरोघरी "पोथी लावलीय" म्हणतात तेव्हा तर वस्तू बाजूलाच राहते, रोजचं वाचन असाच अर्थ होतो. आणि पोथीनिष्ठ म्हणजे लिहिलंय त्याला चिकटून बसणारा, हा शब्द आपण राजकारणातल्या लोकांनाही लावतो, तिथे धर्माचा संबंधही नसतो.

ग्रंथ शब्द वेगळा बरं का, तो ग्रथ् म्हणजे गुंफणे, बांधणे यावरून, गाठ शब्दाचं मूळ तेच. आणि पोथी काही फक्त मराठीची नाही, हिंदी पंजाबीतही पोथीच आहे, बंगालीत पुंथी.