पोटनिवडणूक लागली की आधी यादी हातात घे

पोरी, अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन ठेवल्यावर बराच वेळ डोळा लागला नाही. आपल्या नगरसेविका जाऊन अजून महिना झाला नाही आणि नाक्यावर पोटनिवडणुकीची गणितं मांडायला सुरुवात झाली, याचं तुला वाईट वाटतंय. वाटायलाच हवं. पण मग तू हळूच विचारलंस, "काकू, मी अर्ज भरू का?" त्याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देणं मला जमलं नाही, म्हणून लिहायला बसले.

कायद्याचं आधी उरकते. तुझी २१ वर्षं पूर्ण झाली आहेत. उमेदवाराचं नाव मुंबईतल्या कुठल्याही प्रभागाच्या मतदार यादीत असलं तरी चालतं, सूचक, म्हणजे अर्जावर तुझं नाव सुचवणारा, मात्र याच प्रभागातला लागतो. जागा मध्येच रिकामी झाली म्हणून आरक्षण बदलत नाही. आपला प्रभाग महिलांसाठी राखीव आहे, तो तसाच राहील. निवडून आलीस तर पूर्ण पाच वर्षं मिळणार नाहीत, सभागृहाची जी मुदत उरली असेल तेवढीच. म्हणून कुणी पाच वर्षांची स्वप्नं दाखवायला लागलं तर तिथेच थांबव.

आता मनातलं सांगते. रिकामी खुर्ची म्हणजे काय, ते मुंबईने नुकतंच भोगलंय. ७ मार्च २०२२ ला पालिकेची मुदत संपली आणि १५ जानेवारी २०२६ ला मतदान होईपर्यंत २२७ च्या २२७ जागा रिकाम्या होत्या. प्रशासक बसले. २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प मांडला गेला, आणि त्यावर उठून बोलायला लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस सभागृहात नव्हता. आपल्या चाळीत पहाटेचं पाणी करंगळीएवढं यायचं, तेव्हा बायका हंडे ठेवून माझ्या दारात यायच्या. मी त्यांना घेऊन वॉर्ड ऑफिसात जायचे, अर्ज द्यायचा, पोच घ्यायची, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. साहेब बोलायचे नीट, पण आमचं म्हणणं वर नेणारं कुणी नव्हतं. तेव्हा सगळी मुंबई एका नावेत होती. आता एकटाच आपला प्रभाग मागे पडलाय. प्रभाग समितीच्या बैठकीत शेजारचे नगरसेवक आपापल्या नाल्याचं, आपापल्या शाळेचं मांडतील. आपल्या पन्नास-पंचावन्न हजारांच्या वस्तीचं कोण मांडणार?

पक्षांचा हिशेब वेगळा असतो, तोही समजून घे. २०१७ च्या फेब्रुवारीत शिवसेना ८४ आणि भाजप ८२ असा काठावरचा निकाल लागला होता. काही महिन्यांतच भांडुपच्या ११६ नंबरच्या प्रभागातल्या काँग्रेसच्या नगरसेविका वारल्या. ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली, त्यांच्याच सूनबाई भाजपकडून उभ्या राहून जिंकल्या आणि भाजप ८३ वर गेला. त्यानंतर लगेच मनसेच्या सातपैकी सहा नगरसेवकांनी शिवसेनेची वाट धरली. भांडुपच्या एका जागेने मुंबईचं सत्ताकारण हललं. त्या दिवसांत टीव्हीवर आकडे पुष्कळ दिसले, पण भांडुपच्या त्या गल्ल्यांना काय हवंय हे कुणी विचारताना मला दिसलं नाही. तू उभी राहिलीस तर ते विचारणारी तू हवीस.

आपल्याकडेही गेलेल्या बाईंच्या घरातलं कुणीतरी उभं राहील. त्यांच्या दुःखाबद्दल वावगा शब्द काढायचा नाही, तुझ्यासोबतच्या मुलांनाही काढू द्यायचा नाही. सहानुभूतीचं मत खरं असतं. त्या बाई रात्री दोनला लोकांच्या बाळंतपणाला धावल्या आहेत, लोक ते विसरणार नाहीत आणि विसरूही नयेत.

आता मतदारांची यादी. मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे ते यावरच, कारण पोटनिवडणूक यादीवर जिंकतात आणि यादीवरच हरतात. सार्वत्रिक निवडणुकीत सगळं शहर जागं असतं. पोटनिवडणुकीत रस्त्याच्या पलीकडे निवडणूक आहे हेसुद्धा कुणाला माहीत नसतं. २०१७ ला एवढ्या गाजावाजात मुंबईत साडेपंचावन्न टक्के मतदान झालं होतं. मग एका प्रभागापुरत्या मतदानाला कोण आपणहून उतरणार? कुणीतरी दार वाजवावं लागतं. आणि दार वाजवायचं तर कुठलं, हे यादी सांगते.

पालिकेची यादी वेगळी बनत नाही. राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो, त्या दिवशीची विधानसभेची यादी घेतो आणि ती प्रभागांप्रमाणे फोडली जाते. म्हणजे त्या तारखेनंतर भरलेला फॉर्म ६, यादीत नवं नाव घालायचा अर्ज, या निवडणुकीला उपयोगाचा नाही. गल्लीत नुकतीच अठरा पूर्ण केलेली मुलं आहेत, त्यांना उद्याच भरायला लाव, निवडणूक जाहीर होण्याची वाट बघू नकोस. यादी फोडताना हद्दीवरच्या इमारती इकडच्या तिकडे जातात. प्रारूप, म्हणजे कच्ची यादी लागली की हरकतींना थोडेच दिवस मिळतात. तेव्हा आपल्या हद्दीवरची प्रत्येक इमारत बोट ठेवून तपास.

एक प्रसंग सांगते. मागे एका पोटनिवडणुकीत मी पालिकेच्या शाळेतल्या केंद्रावर मतदान प्रतिनिधी, म्हणजे उमेदवाराचं माणूस, म्हणून बसले होते. माझ्या हातात भागाची यादी, एक लाकडी पट्टी आणि लाल पेन्सिल. दुपारी बाराच्या सुमारास एक आजोबा आले. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. त्यांची चाळ पुनर्विकासात पाडली होती, ते लांबच्या ट्रान्झिट कॅम्पात राहत होते, दोन गाड्या बदलून आले होते. अधिकाऱ्याने नाव शोधलं, सापडेना. मी माझ्या यादीवर पट्टी सरकवत गेले. नाव होतं, पण त्यांच्या आडनावाचं स्पेलिंग चुकून ते मागच्या पानावर, दुसऱ्याच घर क्रमांकापुढे पडलं होतं. फोटो त्यांचाच. मी अनुक्रमांक सांगितला, त्यांनी मतदान केलं. बाहेर जाताना माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, चाळ गेली, नाव तरी राहिलं." त्या चाळीतली चाळीस कुटुंबं त्या यादीत होती. त्यांपैकी किती जणांना मतदान आहे हे कळलं होतं, ते मी त्या संध्याकाळी मोजलं. सहा. आपल्याकडे गेल्या दोन वर्षांत पाडलेल्या इमारती किती आहेत? त्या लोकांचे आत्ताचे फोन नंबर काढ. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे असतात, नसले तर दूधवाल्याला विचार.

मताला किंमत काय, असं कुणी म्हणालं तर त्याला गिरगावचा २२० नंबरचा प्रभाग सांग. २०१७ ला तिथे दोन उमेदवारांना सारखीच, ५,९४६ मतं पडली आणि शेवटी चिठ्ठी काढून नगरसेवक ठरला.

आणखी एक. हरलीस तरी केलेलं काम वाया जात नाही. २०१९ मध्ये काही नगरसेवकांचं जातप्रमाणपत्र अवैध ठरून पद गेलं, तेव्हा लघुवाद न्यायालयातल्या दाव्यांमुळे पुन्हा मतदान न होता दुसऱ्या क्रमांकाचे उमेदवार सभागृहात बसले. उद्या कधी तू मागासवर्गीय राखीव जागेवरून लढलीस तर जातवैधतेचा कागद पहिल्या दिवशी फाईलमध्ये हवा. त्यात हयगय केलेली मी खपवून घेणार नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. यादीचे चार भाग तू स्वतःच्या पायांनी फिर. प्रत्येक भागात हजारेक नावं असतील. कोण मयत, कोण गावी गेलं, कुणाचं नाव दोनदा आलंय, कोण सकाळी सहाच्या लोकलने कामाला जातं आणि मतदानाच्या दिवशी साडेसातला मतदान सुरू व्हायच्या आत निघून जाईल, हे सगळं नावापुढे पेन्सिलीने लिही. चार भाग झाले आणि तरीही उभं राहावंसं वाटलं तर अर्ज भर. मी सूचक होईन, माझं नाव याच प्रभागात आहे. जमलं नाही तर यावेळी माझ्या शेजारी मतदान प्रतिनिधी म्हणून बस. त्यातही कमीपणा नाही, मी पंचवीस वर्षं तेच केलंय.

रविवारी सकाळी नऊला ये. यादीचा पहिला भाग मी झेरॉक्स करून ठेवलाय, पट्टी माझ्याकडे आहे. डोंगराकडच्या गल्लीपासून सुरू करू. तिथे दुसऱ्या माळ्यावर कोपऱ्यातल्या खोलीत एक आजी राहतात, त्यांना कमी ऐकू येतं. दार जोरात वाजव आणि थोडी थांब, त्या उठून यायला वेळ लावतात.

तुझी,
काकू