'यवनाल'मधे यवन कुठून आला? (ज्वारी, जोंधळा, शाळू)

प्रश्न थोडक्यात असा आहे: संस्कृतात ज्वारीला 'यवनाल' म्हणतात, त्यात 'यवन' स्पष्ट दिसतो, मग ज्वारी यवनांनी म्हणजे ग्रीकांनी नाहीतर अरबांनी आपल्याकडे आणली असं समजायचं का? आणि जोंधळा, ज्वारी, शाळू यातला अस्सल मराठी शब्द कुठला?

आधी यवनांना निरोप देऊ. फोड यवन + आल अशी नाहीये, यव + नाल अशी आहे. यव म्हणजे जव, नाल म्हणजे पोकळ दांडा, बोरू, वेत या जातीचं काहीतरी. म्हणजे बोरूसारख्या उंच ताटावर येणारा जव. ज्वारीच्या उभ्या शेतात कधी शिरला असाल तर हे नाव ठेवणाऱ्याला काय दिसलं ते लगेच कळेल, जव कमरेच्या आसपास येतो आणि ज्वारीचं ताट डोक्याच्या वर जातं. शब्दाच्या सुरुवातीचा य प्राकृतात ज झाला हे तर आपल्या ओळखीचंच आहे, यात्रेची जत्रा झाली, युगाचं जुग झालं, यंत्राचं जातं झालं (हो, दळायचं जातं), तसा यवाचा जव. ज्वारी, हिंदीतली जुआर, गुजराती जुवार यांच्यासाठी काही अभ्यासक 'यवाकार' म्हणजे जवासारखा दिसणारा हे मूळ धरतात, जोंधळा आणि उत्तरेकडची जोन्हरी, जोंधरी यांना यवनालाच्या घरात बसवतात. कन्नड जोळ, तेलुगू जोन्न, तमिळ चोळम् हेही याच गोतावळ्यातले, फक्त कोणी कोणाकडून घेतलं यावर भांडण आहे आणि ते मिटेल असं मला वाटत नाही. पण कुठूनही गेलात तरी संस्कृत-प्राकृत बाजूला हाती जव लागतो, यवन लागत नाही.

आता जवाच्या नावावर ज्वारी का चढली हे मला यातलं जास्त इंटरेस्टिंग वाटतं, आणि इथे डिक्शनरी बाजूला ठेवून मातीत जावं लागतं.

ज्वारी मूळची आफ्रिकेची. पूर्व सुदानमधे कसलाजवळ 'केजी २३' असं रुक्ष नाव असलेली एक जागा आहे, तिथलं उत्खनन १९८०च्या दशकातलं, पण खरी मजा २०१७ मधे छापून आली. तिथले कुंभार मडक्याच्या मातीत भुसा मिसळायचे (माती तडकू नये म्हणून, आपल्याकडेही मिसळतात), भट्टीत भुसा जळून गेला पण त्याचे ठसे मडक्याच्या अंगात राहिले, आणि ते ठसे निघाले ज्वारीच्या तुसाचे. आता रानटी ज्वारी आणि माणसाने लावलेली ज्वारी ठशावरून कशी ओळखायची? रानटी ज्वारी पिकली की दाणे तुसासकट आपोआप गळतात, त्यामुळे जिथून सुटलं तो बूड गुळगुळीत असतो. माणूस कणीस कापून नेतो, त्याच्या हाती येतात ते न गळलेले दाणे, तेच पुढच्या वर्षी पेरले जातात, असं शेकडो वर्षं चाललं की कणसाला चिकटून राहणारी जात तयार होते, मग ती झोडपूनच काढावी लागते आणि तुसाचा बूड फाटका, ओरबाडल्यासारखा दिसतो. केजी २३ च्या ठशांत दोन्ही प्रकार मिळाले, म्हणजे ज्वारी 'माणसाळत' असतानाचा काळ पकडला गेला. हा काळ इ.स.पू. ३५०० ते ३००० च्या दरम्यानचा. खळ्यावर मळणीच्या वेळी कणसं बडवताना जो त्रास होतो ना, तो पाच हजार वर्षांपूर्वी माणसानेच ओढवून घेतलाय.

तिथून ती भारतात आली साधारण इ.स.पू. २००० नंतरच्या दोन-तीन शतकांत, सिंधू संस्कृतीच्या उतरत्या काळात, आधी गुजरातच्या बाजूला असं दिसतं. एकटी नाही आली. बाजरी (ही पश्चिम आफ्रिकेतली, मालीकडची), नाचणी, चवळी, वाल हे सगळे आफ्रिकेचेच, थोडं मागेपुढे करत आलेले. कोकणातल्या माणसाला नाचणी आणि वाल आफ्रिकेचे म्हटलं की राग येतो, पण आहे ते असं आहे. एक सावधगिरी मात्र हवी, जुन्या उत्खननांच्या रिपोर्टमधे 'ज्वारी सापडली', 'नाचणी सापडली' असं बरंच लिहिलेलं आहे आणि त्यातल्या काही नोंदी, विशेषतः नाचणीच्या, नंतर तपासल्यावर दुसऱ्याच कुठल्या बारीक तृणधान्याच्या ठरल्या. प्राचीन धान्यांच्या अवशेषांचे अभ्यासक डोरियन फुलर यांनी २००३ मधे या सगळ्या नोंदी पुन्हा चाळून बऱ्याच बाद केल्या. त्यामुळे 'आमच्या गावात चार हजार वर्षांपासून ज्वारी' असं व्हॉट्सअॅपवर आलं तर जरा थांबावं.

यवनांचं गणित इथेच संपतं. अलेक्झांडर सिंधूकाठी आला इ.स.पू. ३२६ मधे. यवन हा शब्द मुळात आयोनियाच्या (आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या) ग्रीकांसाठी, इराणी 'यौन'च्या मार्गाने आलेला, मुसलमानांना यवन म्हणणं तर फारच नंतरचं. ज्वारी अलेक्झांडरच्या हजारेक वर्षं तरी आधी इथे रुजली होती.

बरं, आली म्हणून लगेच ताटात आली असंही नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीवर इनामगाव आहे, डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ तिथे खणलं, इ.स.पू. १६०० ते ७०० च्या दरम्यानची वस्ती. तिथलं मुख्य धान्य कुठलं? जव. भाकरीच्या प्रदेशात, भीमेच्या खोऱ्यात, तीन हजार वर्षांपूर्वी लोक जव पिकवत होते, त्यासाठी नदीचं पाणी वळवायला पाट काढलेला सापडलाय. जव आणि गहू पश्चिम आशियातली, हिवाळी पावसाची पिकं, आपल्याकडे ती पावसाळा संपल्यावर येणार, म्हणजे पाण्याची काळजी आली. सुदानी ज्वारीला उन्हाळ्यानंतरचा पाऊस चालतो, नव्हे तोच लागतो, आणि तो तर इथे फुकट. तरीही सुरुवातीची बरीच शतकं ही आफ्रिकन मंडळी जोडीला घेतलेली पिकंच राहिली, मुख्य अन्न व्हायला इतिहासकाळ उजाडला. माझ्या मते शेतकऱ्याचं वागणं अगदी बरोबर होतं, नवीन वाण कोपऱ्यातल्या तुकड्यात लावून बघायचं, दाणा नाही आला तरी कडबा मिळतो, जनावरं जगतात, मग पुढच्या साली थोडं जास्त.

आणि असं कोपऱ्यात आलेलं पीक लोक ओळखीच्या धान्याच्या नावानेच पुकारणार. जव घरचा, मग हा उंच दांड्याचा जव. ऋग्वेदात यव आहे, ज्वारी नाही, यवनाल हे नाव आयुर्वेदाच्या ग्रंथांच्या काळात दिसतं, तेही या क्रमाशी जुळतं. पुढे तर जवाचा हंगामही ज्वारीने घेतला. सोलापूर, नगर, मराठवाड्यातली रब्बी ज्वारी उत्तरा-हस्ताच्या पावसावर पेरतात आणि काळ्या रानातल्या ओलीवर फेब्रुवारी-मार्चला काढतात, पाटाचीही गरज नाही. जव उरला घटस्थापनेच्या परडीत, होमात, जवखारात आणि अंगठ्यावरची यवाची रेघ बघणाऱ्या ज्योतिषाकडे. दागिन्यांत मात्र दोघं अजून शेजारी आहेत, जवमणी पण आहे आणि जोंधळी पोत पण.

हाच खेळ पुन्हा एकदा झाला, या वेळी ज्वारीच्या नावाचा. अमेरिकेतून मका आला तेव्हा कन्नडमधे तो 'मेक्के जोळ' किंवा 'मुसुकिन जोळ' (बुरख्यातली ज्वारी, काय सुंदर नाव आहे) झाला, तेलुगूत 'मोक्कजोन्न', तमिळमधे 'मक्काच्चोळम्'. आणि ज्यांना नावात देश दिसला की लगेच इतिहास दिसतो त्यांच्यासाठी: मका मक्केहून आलेला नाही, आणि इटालियन लोक त्याच मक्याला 'तुर्की धान्य' म्हणतात, तुर्कस्तानचाही त्यात काही हात नाही.

राहिला वापराचा प्रश्न. जोंधळा आणि ज्वारी दोन्ही तितकेच मराठी, एक शुद्ध आणि एक गावठी असलं काही नाही. जोंधळा पश्चिम महाराष्ट्रात गावाकडे जास्त ऐकू येतो, विदर्भात जवारी म्हणतात, बाजार समितीच्या पावतीवर सगळीकडे ज्वारी. शाळू मात्र याला पर्यायी शब्द म्हणून वापरू नका, शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी, मालदांडी वगैरे, पांढरी, टपोरी, गोडसर, भाकरीला तीच हवी. खरिपाच्या ज्वारीला शाळू म्हणून विकायला नेलंत तर व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेऊन नुसता तुमच्याकडे बघेल.