पोस्टर खालून वर वाचा

वाचकांचे प्रश्न : पंक (वेगवान, रांगडं रॉक) आणि इमो (पंकमधूनच निघालेला भावुक प्रकार)

प्रश्न : अमेरिकेतल्या गेन्सव्हिलच्या ‘द फेस्ट’ या पंक महोत्सवाचं पोस्टर बघितलं. नावं ढीगभर, ओळखीची चार-पाच. नवे बँड शोधायचे आहेत, पण सगळं ऐकत बसले तर वर्ष जाईल. सुरुवात कुठून करू?
– एक विद्यार्थिनी, कॉलेज रोड

उत्तर : वरच्या तीन ओळी सोडून द्या. ती नावं तिकिटं खपवायला असतात, आज ना उद्या कानावर पडतीलच. तुमचं काम पोस्टरच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात आहे, जिथे वाचायला फोनवर झूम करावं लागतं.

पोस्टर मात्र तुम्ही नेमकं निवडलंत. फ्लॉरिडातल्या या कॉलेजच्या गावात २००२ पासून ऑक्टोबरच्या अखेरीस हा महोत्सव भरतो. बो डिडली प्लाझा हा उघडा चौक सोडला, तर बाकी कार्यक्रम गावातल्या बारमध्ये आणि लहान हॉलमध्ये होतात. एवढ्या जागा दुपारपासून रात्रीपर्यंत चालू ठेवायच्या तर लहान बँडांशिवाय भागत नाही. २०२२ मध्ये सुरू झालेलं लास व्हेगासचं ‘व्हेन वी वेअर यंग’ याच्या अगदी उलट. तिथे लोक दहावी-बारावीच्या आठवणी काढायला जातात. मजा येत असेल, पण नवं शोधायला ते कुचकामी.

आता कृती. खालच्या भागातली ३० नावं कागदावर उतरवा. प्रत्येक नावाचा दुवा महोत्सवाच्या स्वतःच्या पानावरून उघडा, स्पॉटिफायवर थेट नाव टाइप करू नका. पंक बँडांची नावं एकमेकांवर आदळतात आणि एकाच पानावर दोन-तीन वेगवेगळ्या बँडांची गाणी जमा झालेली सर्रास दिसतात. इमोच्या दोन रेकॉर्डनंतर मध्येच टेक्नो लागलं, तर समजा हाच घोटाळा आहे. रेकॉर्डवरचं लेबल (ती काढणारी कंपनी) आणि बँडचं गाव जुळतंय का ते बघा.

प्रत्येकाची दोनच गाणी ऐका : सगळ्यात नवं आणि पहिल्या रेकॉर्डमधलं कुठलंही एक. पहिल्या कोरसपर्यंत तरी थांबा. इमोमध्ये सुरुवातीचं मिनिटभर नुसतीच टुणटुणणारी गिटार असू शकते, त्यामुळे २० सेकंदांत निकाल दिला तर चांगले बँड हातचे जातील. पंकच्या बाबतीत उलटं, तिथे २० सेकंदांत अर्धं गाणं झालेलं असतं.

मग आकडे. स्पॉटिफायचे ‘मंथली लिसनर्स’ म्हणजे मागच्या २८ दिवसांतले श्रोते, त्यावरून लगेच हुरळू नका. खाली गाण्यांचे आकडे बघा. एक गाणं नऊ लाखांवर आणि बाकीची चार-पाच हजारांवर अडकलेली असतील, तर ते एक गाणं एखाद्या प्लेलिस्टनं उचललंय. सगळी गाणी साधारण सारख्या आकड्यांवर असतील, मग आकडा लहान का असेना, त्या बँडला स्वतःचे श्रोते आहेत. आमचा भर अशा बँडांवर.

शेवटची खूण फारसं कुणी बघत नाही : वेळापत्रक. पोस्टरवर नाव मुंगीएवढं, पण वेळ लहान हॉलमधली रात्री अकराची, असा बँड हमखास ऐका. कार्यक्रम लावणाऱ्याला पक्कं माहीत असतं की तो खोली भरणार. त्याच हॉलमध्ये त्याच्या आधी आणि नंतर कोण आहे तेही टिपून ठेवा, बहुतेक वेळा ती एकाच गोतावळ्यातली मंडळी निघतात.

३० पैकी पाच उरले तरी पुष्कळ झाले.

प्रश्न : असे सहा बँड सापडले. आता पुढे? यूट्यूब तीच तीच गाणी पुढे करतो.
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : यूट्यूब सुचवतो ते जमावाचं. तुम्हाला हवी माणसांची साखळी, आणि त्यासाठी बँडकॅम्पसारखी दुसरी जागा नाही. या संकेतस्थळावर बँड आपली गाणी थेट विकतात. अल्बमच्या पानावर मुखपृष्ठाच्या आसपास विकत घेणाऱ्यांची छोटी चौकोनी चित्रं दिसतील. त्यातल्या एकावर क्लिक केलं की त्या माणसाची सगळी खरेदी उघडते. तुमच्या सहापैकी दोन बँड ज्याच्याकडे असतील, त्याची पूर्ण यादी चाळा. पानाच्या तळाशी टॅग असतात. ‘इमो’ हा टॅग समुद्र आहे, त्यात उतरू नका, गावाच्या नावाचा टॅग दाबा. श्रेयनामावलीत रेकॉर्डिंग आणि मास्टरिंग (आवाजावरचा शेवटचा हात) कुणी केलंय तेही वाचा. लहान बँडांचे इंजिनिअर ठरलेले असतात आणि एका नावावरून आणखी बरेच बँड हाती लागतात. दोन बँडांनी मिळून काढलेली ‘स्प्लिट’ रेकॉर्ड दिसली तर सोडू नका, तिथे एका बँडनं दुसऱ्यासाठी शब्द टाकलेला असतो.

बँड प्रत्यक्षात वाजवतो कसा, हे यूट्यूबवर बघायचं तर शिकागोच्या ‘ऑडिओट्री’ची सत्रं आहेत. हार्डकोअर, म्हणजे पंकचा आणखी आक्रमक प्रकार, त्यासाठी फिलाडेल्फियाच्या सनी सिंग यांचं ‘हेट फाइव्ह सिक्स’, तिथे गर्दीसकट सगळं दिसतं.

विकत घ्यायचं तर डिजिटल घ्या. रेकॉर्ड तिकडून नाशिकला मागवली की टपालखर्च आणि कस्टम मिळून रेकॉर्डच्या किमतीच्या वर जाऊ शकतं. व्यवहार अडकला तर आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का ते पाहा, बहुतेकदा घोडं तिथेच पेंड खातं. एरवी बँडकॅम्प डिजिटल विक्रीतले १५ टक्के स्वतःकडे ठेवतं. मार्च २०२० पासून ते अधूनमधून ‘बँडकॅम्प फ्रायडे’ जाहीर करतात, त्या दिवशी हा वाटा सोडतात. तो दिवस कॅलिफोर्नियाच्या घड्याळानं चालतो, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी दुपारी साडेबारापासून शनिवारी दुपारी साडेबारापर्यंत. तिकडे हिवाळ्यात घड्याळं मागे जातात तेव्हा दीड ते दीड. शुक्रवारी सकाळी पैसे भरलेत तर सवलत बँडला मिळत नाही.

प्रश्न : नाशिकमध्ये यातलं काहीच होत नाही. मुलगी मुंबईला महोत्सवाला जायचं म्हणते. तिथे तरी असे बँड असतात का? आणि कानांचं काय?
– एक पालक, सिडको

उत्तर : नाशिकचा मोठा महोत्सव म्हणजे २००८ साली सुरू झालेला सुला फेस्ट, पण त्याची तऱ्हा नाचण्या-डोलण्याची. पंकसाठी मुंबईच गाठावी लागते. महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या लोलापलूझामध्ये मार्च २०२५ला ग्रीन डे हा अमेरिकी पंक बँड वाजवून गेला. तिथेही नियम तोच : खालच्या ओळी बघा. लहान नावं दुपारच्या उन्हात, दारं उघडल्यावर लगेच वाजवतात. म्हणून सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून दादरला उतरावं आणि पश्चिम रेल्वेच्या स्लो लोकलनं महालक्ष्मी गाठावं. परतीला पंचवटीचा उपयोग नाही, ती संध्याकाळी सव्वासहालाच सीएसएमटीहून सुटते. रात्रीच्या गाडीचं आरक्षण तिकिटाबरोबरच करा, नाहीतर मुक्कामाची सोय बघा.

जाण्याआधी तिला मुंबईचेच ‘द रायट पेडलर्स’, ‘द लाइटइयर्स एक्स्प्लोड’ आणि ‘पॅसिफिस्ट’ ऐकू द्या. पहिला सरळ पंक, दुसरा सुरेल, तिसरा ओरडणारा. यातलं काय आवडतं त्यावरून पुढची दिशा कळेल.

कानांची काळजी रास्त आहे. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या ‘नायोश’ या संस्थेच्या हिशेबानं ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. औषधाच्या दुकानातले फोमचे बोळे चालतात, पण बहुतेक जण ते नुसते कानात टेकवतात आणि मग ‘काही फरक पडत नाही’ म्हणतात. बोळा बोटांत वळून बारीक सुरळी करायची, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाचा वरचा भाग वर-मागे ओढायचा, सुरळी आत सारायची आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवायची. फोमनं झांजा बोथट ऐकू येतात. ते खटकत असेल तर संगीतासाठीचे फिल्टरवाले प्लग मिळतात, महाग पण पुन्हापुन्हा वापरता येणारे.

प्रश्न : नव्या इमो बँडांची गिटार माझ्या गिटारवर वाजतच नाही. कॉर्ड बरोबर, आवाज वेगळा.
– एक गिटारवादक, नाशिकरोड

उत्तर : ट्यूनिंग वेगळं असणार. या मंडळींचं आवडतं म्हणजे जाड तारेपासून एफ-ए-सी-जी-सी-ई. सहावी तार अर्धा स्वर वर, चौथी एक स्वर खाली, दुसरी अर्धा स्वर वर, बाकी तशाच. तार वर चढवताना जुनी असेल तर तुटते, आणि अकूस्टिक गिटारवर सहाव्या तारेचा ताण मानेला जाणवतो. भीती वाटत असेल तर सगळंच अर्धा स्वर खाली घ्या : सहावी आणि दुसरी जागेवर, पाचवी, तिसरी आणि पहिली अर्धा स्वर खाली, चौथी दीड स्वर खाली. मग पहिल्या पट्टीवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावला की रेकॉर्डबरोबर सूर जुळतो. चौथी तार एवढी सैल पडली की फरफरते, तिथे एक नंबर जाड तार बसवा.